खुब्याचं ऑपरेशन? सोमवारी बघू

आमची आक्का, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, वय ७९, गेल्या वर्षी श्रावणी शुक्रवारी मोरीत पडली. पुरणाचा सगळा घाट तिनेच घातलेला, सगळ्यांची जेवणं झाल्यावर पाय धुवायला गेली आणि घसरली. उठवायला गेलो तर उजवा पाय आखूड झालेला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पडलेलं. आता मला माहितीय की म्हातारं माणूस पडलं आणि पाय असा दिसला तर तो खुबा मोडलेला असतो, शंभरातल्या नव्याण्णव वेळा, एक्सरे काढायच्या आधीच सांगता येतं. तेव्हा माहिती नव्हतं. शेजारच्या काकू म्हणाल्या मुरगळला असेल, निवांत तेल लावून शेक द्या. रात्रभर ती कण्हत होती आणि आम्ही शेक देत होतो, म्हणजे मोडलेल्या हाडाला गरम पाण्याची पिशवी.

शनिवारी सकाळी तालुक्याच्या एका हॉस्पिटलात नेलं. एक्सरे झाला, मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलंय म्हणाले, ॲडमिट करा. पायाला चिकटपट्टी, दोरी आणि दोरीला वजन लटकवलं. आम्ही सगळे जरा निश्चिंत झालो कारण ट्रीटमेंट सुरू झाली ना. ऑपरेशन कधी विचारलं तर उत्तर आलं, आज शनिवार, उद्या रविवार, सोमवारी बघू.

सोमवारी फिजिशियनची फिटनेस लागेल असं कळलं. फिजिशियन म्हणाले टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पाहिजे. इकोवाले डॉक्टर बुधवारी येतात. बुधवारी इको झाला, बरा आला, तर गुरुवारी भूलवाल्या मॅडम म्हणाल्या की आजींना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ती थांबवून काही दिवस जाऊ द्यावे लागतील (ती गोळी शनिवारपासून आम्हीच रोज सकाळी तिला देत होतो, कुणी सांगितलंच नव्हतं बंद करा म्हणून). शुक्रवारी इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायची वस्तू, कोल्हापूरहून यायचं होतं ते आलं नाही. शनिवारी ऑपरेशन झालं. पडल्यापासून आठ दिवस. ऑपरेशन छान झालं, पाऊण तासात, सर्जनच्या हाताबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. पण त्या आठ दिवसात आक्काच्या पाठीला कंबरेखाली जी जखम झाली ती भरायला चार महिने लागले. ऑपरेशनची जखम बारा दिवसात भरली होती.

हे रडगाणं सांगायला लिहीत नाहीये. त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो, दोनतीन अस्थिरोगतज्ज्ञ ओळखीचे आहेत त्यांचं डोकं खाल्लं, जे मिळेल ते वाचलं, आणि माझं मत असं झालंय की आपल्याकडे हाडांच्या ऑपरेशनची सगळी चर्चा, सगळा पैसा, सगळं सरकारी लक्ष गुडघ्यावर गेलंय, जो गुडघा सहा महिने थांबला तरी काही बिघडत नाही. आणि ज्याला थांबायला अजिबात वेळ नाही तो खुबा रांगेत पडलाय. वजन लावून.

त्या वजनाचंच आधी बघा. ते लावल्याने ऑपरेशनच्या आधीचं दुखणं कमी होतं का, यावर भरपूर अभ्यास झालेत आणि ते सगळे एकत्र करून बघितल्यावर ठोस फायदा दिसलेला नाही. दुखणं खरंच कमी करायचं तर जांघेजवळ नस बधिर करायचं इंजेक्शन देतात, ब्लॉक म्हणतात त्याला, भूलतज्ज्ञ दहा मिनिटात देतो. पण वजनाचा एक फायदा आहे तो कुठल्या अभ्यासात येणार नाही. नातेवाईक शांत होतात. काहीतरी चालू आहे असं दिसतं. दोरी आहे, वजन आहे, म्हणजे उपचार आहे. मला तर वाटतं आपल्याकडे ते वजन पेशंटच्या पायाला नसतंच, नातेवाईकांच्या तोंडाला असतं.

आता घाई कशासाठी ते सांगतो, कारण आम्हालाही हे कुणी सांगितलं नव्हतं. हात मोडला, नडगी मोडली तर माणूस बसू शकतो, खाऊ शकतो, संडासला जाऊ शकतो. खुबा मोडला की कुशीवर वळता येत नाही. उताणं पडून राहायचं. उताणं पडलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होतो. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होते आणि ती फुफ्फुसात गेली तर तिथेच खेळ संपतो. लघवीला नळी लावली की तिथून इन्फेक्शन. पाठीला जखमा. आणि भ्रम. आक्का तिसऱ्या रात्रीपासून तिच्या आईशी बोलायला लागली, जी १९७१ साली गेली. आम्हाला वाटलं आता हिचं काही खरं नाही, एका चुलत भावाने तर गंगाजल आणून ठेवलं. खरं कारण दुखणं, अर्धवट झोप, अंगातलं कमी झालेलं पाणी आणि एका जागी पडून राहणं, एवढंच होतं. जगभरचा अनुभव असा की खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण चार-पाचातला एक वर्षभरात जातो. हाड मोडून कुणी मरत नाही, पडून राहून मरतं. आणि आपण म्हणतो वयच झालं होतं.

म्हणून या ऑपरेशनचा मुख्य हेतू हाड जोडणं हा नाहीच, माणसाला उठवून बसवणं हा आहे. मांडीचं हाड वरच्या गोळ्याच्या लगेच खाली, ज्याला हाडाची मान म्हणतात तिथे मोडलं असेल तर तो गोळाच बदलतात, त्याच्या खाली मोडलं असेल तर रॉड किंवा प्लेट-स्क्रू टाकून ते जागेवर धरतात, आणि दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. प्लास्टर घालून, पडून राहून हाड जुळू दे म्हणायचे दिवस कधीच गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला जर्मनीत क्युंटशरने हाडाच्या पोकळीत खिळा घातला, १९५८ ला स्विस सर्जन लोकांनी एकत्र येऊन एओ नावाचा गट काढला आणि प्लेट-स्क्रूचं शास्त्र बसवलं, १९६२ ला इंग्लंडात चार्नलीने धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी असा खुबा बसवून दाखवला. या सगळ्या खटाटोपामागे कल्पना एकच होती, माणूस अंथरुणात राहता कामा नये. हे सगळं आपल्या तालुक्यापर्यंत पोचलंय, रॉड पोचला, ऑपरेशन चालू असताना एक्सरे दाखवणारं सी-आर्म मशीन पोचलं, हात बसलेले सर्जन पोचले. घड्याळ तेवढं पोचलं नाही.

आता गुडघ्याकडे या. कुठल्याही शहरात शिरा, पुलाखालीच बोर्ड दिसेल. हसऱ्या आजी, पांढरा कोट, रोबोटिक गुडघेबदल, वेदनारहित, चोवीस तासात चाला. आपल्याकडे या ऑपरेशनला खरी प्रसिद्धी मिळाली ती अटलजींच्या गुडघ्यामुळे. २००० सालच्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत ब्रीच कँडीला त्यांचा एक गुडघा बदलला, पुढच्या वर्षी दुसरा, न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते, रोज पेपरात बातमी असायची. त्यानंतर प्रत्येक सोसायटीत एक तरी माणूस वाट्या बदलून आलेला सापडायला लागला. चांगलं ऑपरेशन आहे, वाद नाही. माझ्या सासूबाईंचं झालंय, त्या आता जिने चढतात आणि मला टोमणे मारायला वरच्या मजल्यावर येतात. पण हे ठरवून करायचं ऑपरेशन आहे. दिवाळीनंतर करू, नातीचं लग्न उरकून करू, असं चालतं त्यात. आणि परदेशातले मोठे अभ्यास सांगतात की साधारण पाचातला एक पेशंट नंतरही पूर्ण समाधानी नसतो, हे बोर्डावर नसतं. रोबोटचंही तसंच, तो स्वतः ऑपरेशन करत नाही, सर्जनच करतो, एक्सरेत पायाची रेषा जास्त अचूक सरळ येते हे खरं, पण त्याने पाच-दहा वर्षांनी पेशंट जास्त चांगला चालतो असं अजून ठामपणे दिसलेलं नाही.

सरकारनेही गुडघाच पकडला. ऑगस्ट २०१७ मध्ये औषधांच्या किमती ठरवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटवर कमाल किंमत लावली. कोबाल्ट-क्रोमियमचा जो सगळ्यात जास्त वापरला जाणारा गुडघा, त्याची सरासरी छापील किंमत १,५८,३२४ रुपये होती ती ५४,७२० वर आणली. टायटॅनियमवाला ७६,६०० ला. जास्त वाकणारा, म्हणजे हाय-फ्लेक्स, ५६,४९० ला (हा जास्त वाकणारा गुडघा घेऊनही बहुतेक डॉक्टर मांडी घालू नका असंच सांगतात, ही वेगळी गंमत). त्याआधी आयात करणारा, वितरक आणि हॉस्पिटल मिळून मूळ किमतीवर ३००% च्या वर मार्जिन चढत होतं असं सरकारच्याच आकड्यांत आलं होतं. आदेश योग्यच होता. लोकांची लूट चालली होती आणि ती थांबवायला पाहिजेच होती.

पण त्या आदेशाने काय झालं आणि काय झालं नाही हे बघायला पाहिजे. एक तर इम्प्लांटची किंमत उतरली तेवढं पॅकेज उतरलेलं काही मी बघितलं नाही, ऑपरेशन थिएटरचे म्हणजे ओटीचे चार्जेस, वापरून टाकायच्या सामानाचे, रोबोटचे वेगळे, असं करत बिल पुन्हा तिथेच जाऊन बसतं, फुगा एका बाजूने दाबला की दुसऱ्या बाजूने फुगतो. दुसरं म्हणजे आदेश गुडघ्यापुरता होता. आणि तिसरं, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, सरकारला जे खोक्यात दिसतं, ज्यावर किंमत छापलेली असते, तेवढंच मोजता येतं. खुब्याच्या पेशंटचं नुकसान खोक्यावर छापलेलं नसतं. तिथे देशी बनावटीचा रॉड असतो, तो फार महाग नसतो. तिथे जे महाग पडतं ते म्हणजे शनिवार ते शनिवार. त्या आठ दिवसांवर एमआरपी नसते.

इंग्लंडमध्ये काय केलं ते सांगतो, आणि लगेच लंडनचं कौतुक सुरू झालं म्हणू नका, त्यांच्याकडे गुडघा बदलायला महिनोन्‌महिने वेटिंग असतं आणि लोक शिव्या घालतात. पण खुब्याच्या बाबतीत त्यांनी एक साधी गोष्ट केली. मोजायला लागले. २००७ मध्ये त्यांनी खुबा मोडलेल्या पेशंटची राष्ट्रीय नोंद सुरू केली. किती वाजता हॉस्पिटलात आला, किती वाजता टेबलावर गेला, म्हाताऱ्या माणसांच्या आजारांचा डॉक्टर बघून गेला का, दुसऱ्या दिवशी उभं केलं का, आणि तीस दिवसांनी जिवंत आहे का. हे आकडे हॉस्पिटलच्या नावासकट सगळ्यांना बघायला मिळतात. मग २०१० पासून पैसे त्याला जोडले, ३६ तासांच्या आत ऑपरेशन आणि बाकीच्या अटी पाळल्या तर हॉस्पिटलला त्या पेशंटमागे जास्त पैसे. नवीन इम्प्लांट नाही, रोबोट नाही. २००७ च्या आसपास तिथे तीस दिवसांत शंभरातले जवळपास ११ जात होते, दहाएक वर्षांत ते ७ च्या आसपास आले. वय तिथल्या म्हाताऱ्यांचंही झालेलंच असतं की.

याच्या उलट टोकाला पण जायला नको. सहा तासांतच ऑपरेशन केलं तर अजून जीव वाचतील का, हे बघायला कॅनडातल्या लोकांनी एक मोठी ट्रायल केली होती, १७ देश, २,९७० पेशंट, त्यात आपला भारतही होता, २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. निष्कर्ष असा की सहा तासात केलं काय आणि चोवीस तासात केलं काय, मृत्यूंमध्ये फरक पडला नाही, भ्रम कमी झाला आणि पेशंट लवकर उठले एवढाच फायदा. म्हणजे रात्री दोनला भूलतज्ज्ञाला झोपेतून उठवा असं कुणी म्हणत नाहीये. पण नीट बघा, त्या ट्रायलमध्ये जो 'उशिराचा' गट होता तो साधारण चोवीस तासांचा होता. आपला लवकरचा गट त्यांच्या उशिराच्या गटात पण बसत नाही.

हे सगळं मी एका सर्जन मित्राला ऐकवलं, तो मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावात प्रॅक्टिस करतो, आणि तो चिडला. म्हणाला तुला काय जातं बोलायला, माझ्याकडे भूलतज्ज्ञ फोनवर बोलवावा लागतो, तो दिवसाला चार हॉस्पिटलं करतो. आजींचं हृदय पंचवीस टक्के चालतंय आणि टेबलावर काही झालं तर नातेवाईक काचा फोडतात, मग मी इको मागणार नाही तर काय करू. सरकारी योजनेत केलं तर पैसे येतात कधी, क्वेरी काढतात, फोटो मागतात, एक्सरे परत अपलोड करा म्हणतात. आणि सरकारी हॉस्पिटलात जाऊन बघ, रोज रात्री बाइकवरून पडलेली बावीस-पंचवीस वर्षांची पोरं येतात, हाड बाहेर आलेलं असतं, टेबल एकच, आधी कुणाला घेणार.

त्याचं शेवटचं वाक्य मला सगळ्यात पटलं आणि सगळ्यात टोचलं. पोराला आधी घ्यायलाच पाहिजे, उघडी जखम आहे. पण उद्या अजून एक पोरगा येतो, परवा अजून एक, आणि आजी रोज उपाशीपोटी तयार होऊन संध्याकाळी चहाबिस्किटं खाऊन झोपतात, उद्या नंबर. प्रत्येक दिवसाचा निर्णय बरोबर असतो आणि आठ दिवसांची बेरीज चुकीची येते. यावर उपाय पोराला थांबवणं नाही, मोडलेल्या खुब्यांसाठी वेगळं टेबल किंवा निदान रोज सकाळची पहिली जागा राखून ठेवणं हा आहे. आणि खर्चाचं म्हणाल तर आठ दिवस पडून राहिलेली आजी ही कॉट आठ दिवस अडवते, अँटिबायोटिक खाते, जखमेचं ड्रेसिंग खाते. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालेली आजी पाचव्या-सहाव्या दिवशी घरी असते. ज्या सरकारी वॉर्डात दोन कॉटच्या मध्ये जमिनीवर गाद्या टाकाव्या लागतात तिथे हा हिशोब कुणीच कसा करत नाही कळत नाही.

फिटनेसबद्दल त्याची भीती खोटी नाही. काही पेशंट खरंच त्या दिवशी टेबलावर घेण्यासारखे नसतात, छातीत इन्फेक्शन पेटलेलं, हृदयाचे ठोके हाताबाहेर गेलेले, सोडियम तळाला. त्यांना आधी सावरायलाच पाहिजे, पण ती यादी छोटी आहे आणि त्यातलं बरंचसं एक-दोन दिवसांत सावरता येतं. बाकी जे आहे ते सवयीने होतं. नुसत्या ॲस्पिरिनसाठी ऑपरेशन थांबवू नका, इकोची वाट बघत बसू नका, हे भूलशास्त्राच्या गाइडलाइन्समध्ये स्पष्ट आहे. रक्त पातळ करायच्या काही नवीन गोळ्यांसाठी थोडं थांबावं लागतं, पण ते तासांत मोजतात. आणि काचा फोडणाऱ्या नातेवाईकांचं काय, तर हो, ते आपणच आहोत. डॉक्टर स्वतःला वाचवायला कागद जमवतो आणि प्रत्येक कागदाला एक दिवस जातो. मारहाण करणाऱ्याला याची जाणीव नसते की पुढच्या पन्नास आज्यांचे दोन-दोन दिवस त्याने खाल्लेत.

आपल्या घरातलाही उशीर काही कमी नाही, तो पण मोजू. आक्काच्या वेळेला हॉस्पिटलने समजा शनिवारीच चला म्हटलं असतं तर आम्ही तयार होतो का? नव्हतो. तिचा मोठा मुलगा ठाण्याला, तो आल्याशिवाय सही कुणी करायची नाही, धाकट्याची हिंमत नाही. एक मावशी म्हणाल्या या वयात कशाला चिरफाड, आमच्याकडे एक हाडवैद्य आहे त्याच्याकडे लांबलांबून गाड्या येतात. हाडवैद्याबद्दल मला तुच्छता नाही, मनगट, घोटा, साधं फ्रॅक्चर बसवणारे पिढीजात लोक आहेत, काहींचा हात चांगला असतो. पण खुब्याला लेप आणि बांबूच्या पट्ट्या बांधून काहीही होत नाही, आणि तिथे दोन आठवडे घालवून आलेला पेशंट सर्जनकडे येतो तेव्हा स्नायू आखडलेले असतात, पाय अजून आखूड झालेला असतो, साधं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. शिवाय अमावस्या. हो, आमच्याकडे ते पण निघालं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचं ऑपरेशन झालंच पाहिजे असं नाही. जो आधीपासून अंथरुणाला खिळलेला आहे, कुणाला ओळखत नाही, ज्याचे थोडेच दिवस राहिलेत, त्याच्या बाबतीत फक्त दुखणं घालवून शांतपणे ठेवणं हा पण योग्य निर्णय असू शकतो. पण तो निर्णय असतो, डॉक्टरने घरच्यांबरोबर बसून, बोलून घेतलेला. सोमवारी बघू हा निर्णय नसतो.

मोजण्याचा मुद्दा फक्त तासांपुरता नाहीये. इम्प्लांटचं पण तेच आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा एएसआर नावाचा खुबा आठवतोय का कुणाला? धातूवर धातू घासणारा सांधा, त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरायला लागलं, लोकांचे खुबे पुन्हा उघडावे लागले. ऑगस्ट २०१० ला कंपनीने तो जगभरातून परत घेतला. भारतात साधारण ४,७०० ऑपरेशनं त्याची झाली होती. महाराष्ट्राच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, २०११ मध्ये मुंबईत गुन्हा दाखल केला, केंद्राची समिती नेमायला २०१७ उजाडलं, २०१८ मध्ये नुकसानभरपाईचा फॉर्म्युला आला. आणि त्यातल्या बहुसंख्य पेशंटचा पत्ताच लागला नाही. कुठे राहतात, जिवंत आहेत का, त्यांच्या अंगात ती वस्तू आहे हे तरी त्यांना माहिती आहे का. कारण कुणाच्या अंगात काय बसवलं याची सक्तीची राष्ट्रीय नोंद आपल्याकडे नाही. सर्जन लोकांच्या संघटनेची एक नोंदणी आहे ती ऐच्छिक आहे, ज्याला वाटेल तो भरेल. स्वीडनने गुडघ्यांची नोंद १९७५ लाच सुरू केली होती, ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये, आणि हा एएसआर खुबा गडबडीचा आहे हे ऑस्ट्रेलियाच्याच नोंदीत लवकर दिसलं होतं. आपल्याकडे गाडीच्या चासी नंबरची नोंद असते, म्हशीच्या कानात बिल्ला असतो, माणसाच्या खुब्याचं मात्र स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवलं तर चिकटवलं. आक्काचं चिकटवलं होतं, मी फोटो काढून ठेवलाय. तुम्ही पण ठेवा.

आणि ऑपरेशननंतरचं तर कुणी बोलतच नाही. मोरीत घसरून ज्याचा खुबा मोडला त्याचं हाड आधीच पोकळ झालेलं असतं, रॉड टाकला म्हणजे एक बाजू झाली, दुसरी बाजू तशीच आहे. हाडाची झीज कमी करणारं, वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन आहे, खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत सुरू करून केलेली एक ट्रायल २००७ मध्ये आली, त्यात नवीन फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले होते. आक्काला ते कुणी सुचवलं नाही, मीच विचारलं, तर सर्जन म्हणाले देऊ शकतो की, किडनी आणि कॅल्शियम बघून. देऊ शकतो की! म्हणजे विचारलं नसतं तर नसतंच दिलं. रॉड टाकणारा वेगळा, बीपीची गोळी देणारा वेगळा, हाडाचं आयुष्य बघणारा कुणीच नाही. या दोघांच्या मध्ये उभं राहणारा म्हाताऱ्यांचा डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी मला शोधूनही सापडला नाही.

मग मागणी काय? मी काही नवीन योजना मागत नाहीये, योजना आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला पाच लाखांपर्यंत कव्हर आहे. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं कार्ड मिळतं, त्यातही पाच लाख. म्हणजे खुबा मोडणारं जे वय आहे त्याच वयाला सरकारने पैसे द्यायचं मान्य केलंय. मग पैसे देणाऱ्याने एक अट घालावी. प्रत्येक खुब्याच्या क्लेमवर दोन वेळा लिहा, हॉस्पिटलात आल्याची आणि टेबलावर घेतल्याची. ४८ तासांच्या आत असेल तर दर वाढवून द्या आणि पैसे पंधरा दिवसांत द्या, माझा तो मराठवाड्यातला मित्र दुसऱ्या अटीवरच खूष होईल. उशीर झाला तर पैसे कापू नका, नाहीतर हॉस्पिटलं अवघड पेशंट दारातूनच परत लावतील किंवा वेळा खोट्या लिहितील, फक्त कारण लिहून घ्या. आणि दर तीन महिन्यांनी हॉस्पिटलच्या नावाने आकडे जाहीर करा. मंजुरी आधी आणि ऑपरेशन नंतर हा क्रम खुब्यापुरता तरी उलटा करा, इमर्जन्सीला फोनवर मंजुरी मिळते तशी याला पण द्या. आक्काचं कार्ड काढायला गेलो तेव्हा आधारला जो मोबाईल नंबर जोडलेला होता तो दहा वर्षांपूर्वीच्या एका भाडेकरूचा निघाला, ओटीपी त्याला जात होता. एक अख्खा दिवस त्याला शोधण्यात गेला. तुमच्या घरातल्या सत्तरीवाल्यांचा नंबर आजच बघून घ्या, पडल्यावर नाही.

आकडे जाहीर करा म्हणतोय तर आधी आहेत का ते तरी बघू, म्हणून मी एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जाऊन विचारलं. गेल्या वर्षी खुबा मोडलेले साठीच्या वरचे किती आले आणि त्यातले किती दोन दिवसांत टेबलावर गेले. तिथले क्लार्क भले माणूस, चहा पाजला, रजिस्टर काढून दाखवलं. ॲडमिटची तारीख वॉर्डाच्या रजिस्टरला असते, ऑपरेशनची ओटीच्या रजिस्टरला. दोन्ही तारखा कुठे एकत्र मिळतील विचारलं तर म्हणाले, अहो, ही दोन रजिस्टरं एकत्र कोण लावणार, आजपर्यंत कुणी मागितलंच नाही. वॉर्ड आणि ओटी यांच्या मध्ये एक जिना आहे, फक्त एक.